संगणकाचं जनरल रजिस्टर

मुलांनो, तुमच्या शाळेच्या ऑफिसात एक जाडजूड, लांबरुंद रजिस्टर असतं. कधी पाहिलंय का? जुन्या शाळांमध्ये तर त्याची पानं पिवळी पडलेली असतात, कडा झिजलेल्या असतात. त्याला म्हणतात जनरल रजिस्टर. तुम्ही शाळेत दाखल झालात त्या दिवशी त्यात तुमच्या नावाची एक ओळ लिहिली गेली. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, गाव आणि या सगळ्यांच्या आधी एक क्रमांक. वर्गात तीन तीन ओंकार असले तरी बिघडत नाही, कारण प्रत्येकाचा क्रमांक निराळा. तुम्ही शाळा सोडून गेलात तरी तो क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळत नाही. म्हणून तर चाळीस वर्षांनी एखादे आजोबा दाखल्याची नक्कल मागायला आले, तरी क्लार्क काका बरोब्बर त्यांचीच ओळ शोधून काढतात.

आता गंमत ऐका. अगदी असंच एक रजिस्टर संगणकाच्या पोटातही असतं! त्यात कोणाकोणाची नावं असतात, ती कोण लिहितं, आणि हल्ली एका बटणासरशी ती कशी लिहिली जातात, तेच आज पाहू या.

एक संगणक, अनेक माणसं

साठ-पासष्ट वर्षांपूर्वी एक संगणक म्हणजे खोलीभर पसरलेली कपाटं. किंमत इतकी, की एका माणसासाठी एक संगणक ही कल्पनासुद्धा कुणी करत नसे. मग अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती काढली. १९६१ मध्ये त्यांनी अशी व्यवस्था करून दाखवली, की अनेक माणसं एकाच वेळी एकच संगणक वापरतील. संगणक प्रत्येकाला क्षणभर वेळ देई आणि झटकन पुढच्याकडे वळे. पंगतीत वाढपी जसा भराभर पुढे सरकतो ना, तसा. प्रत्येकाला वाटे, वाढपी आपल्याचपाशी उभा आहे!

पण एकाच्या फाइली दुसऱ्यानं उघडल्या तर? म्हणून प्रत्येकाला नाव आणि गुप्त शब्द देण्यात आला. संगणकावरच्या पासवर्डची सुरुवात इथूनच झाली असं मानतात.

आणि पहिली फजितीही इथेच झाली बरं का! व्यवस्था पाहणारे दोघे जण एकाच वेळी कामाला बसले होते. एक जण पासवर्डांची यादी दुरुस्त करत होता, दुसरा सर्वांसाठी आजचा निरोप लिहीत होता. लिहिण्याच्या प्रोग्रॅमला वाटे, एका वेळी एकच जण लिहिणार. झालं! दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली. जो कोणी संगणकावर येई, त्याला निरोपाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड वाचायला मिळू लागले!

ही गोष्ट लक्षात ठेवा. रजिस्टरला दोन हात एकाच वेळी लागले की घोटाळा होतो, हा धडा पुढे आपल्या कामाला येणार आहे.

सात रकाने

पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतल्याच बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची कार्यप्रणाली बनवायला घेतली. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारा मुख्य प्रोग्रॅम. आजचं लिनक्स, ॲपलच्या मॅकवरची प्रणाली, या सगळ्या त्याच घराण्यातल्या.

या घराण्यात रजिस्टर ठेवण्याची एक ठरलेली जागा आहे. 'इटीसी' नावाच्या फोल्डरात एक फाइल असते. तिचं नाव इंग्रजीतल्या 'पासवर्ड' या शब्दातून 'ओ' आणि 'आर' ही दोन अक्षरं गाळून केलेलं आहे. फाइल उघडली तर आत अगदी साध्या ओळी. एका माणसाची एक ओळ, एका ओळीत सात रकाने, आणि दोन रकान्यांच्या मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. समजा सई नावाच्या मुलीचं खातं आहे, तर तिची ओळ अशी असेल (प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत):

सई:एक्स:१००१:१००१:सई, सहावी ब:/होम/सई:/बिन/बॅश

पहिल्या रकान्यात नाव. दुसऱ्यात पासवर्डची जागा. तिसऱ्यात तिचा क्रमांक. चौथ्यात तिच्या गटाचा क्रमांक. पाचव्यात पूर्ण नाव किंवा माहिती. सहाव्यात तिच्या फाइली ठेवण्याचं घर, म्हणजे तिचं स्वतःचं कपाट म्हणा. सातव्यात, ती आत आल्यावर तिच्या आज्ञा ऐकायला कोणता प्रोग्रॅम उभा राहणार त्याचं नाव.

यातला सर्वांत महत्त्वाचा रकाना कोणता? तुम्ही म्हणाल, नाव. चूक! महत्त्वाचा आहे तिसरा, क्रमांकाचा. फाइल कोणाची आहे हे लिहून ठेवताना संगणक नाव लिहीतच नाही, फक्त क्रमांक लिहितो. पुष्कळ लिनक्स संगणकांवर माणसांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात, मॅकवर ५०१ पासून. आणि एक क्रमांक फार फार खास आहे. तो म्हणजे शून्य! शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला 'रूट' म्हणतात. त्याला सगळी कपाटं उघडी. तो काहीही वाचू शकतो, काहीही पुसू शकतो. गणितात शून्याला एकट्याला किंमत नसते म्हणतात, पण इथे शून्य म्हणजे राजा!

चटणी आणि मीठ

वरच्या ओळीत पासवर्डच्या जागी नुसता 'एक्स' का बरं? कारण हे रजिस्टर कुणालाही वाचता येतं. म्हणून १९८०च्या दशकापासून पासवर्डची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवायची रीत पडली. ती फाइल सामान्य वापरकर्त्याला उघडताच येत नाही. तिचं नाव 'शॅडो', म्हणजे सावली.

त्या फाइलीतही तुमचा पासवर्ड जसाच्या तसा नसतो. त्याची चटणी केलेली असते! शेंगदाणे, मिरच्या पाट्यावर वाटल्या की चटणी होते, पण चटणीतून पुन्हा अख्खे शेंगदाणे काढता येतील का? तसंच हे. तुम्ही पासवर्ड लिहिलात की संगणक तो पुन्हा वाटतो आणि नवी चटणी जुन्या चटणीशी जुळते का ते पाहतो. जुळली की दार उघडलं.

पण दोघांनी एकच पासवर्ड ठेवला तर दोघांची चटणी सारखीच होईल आणि चोराला सुगावा लागेल. म्हणून वाटताना प्रत्येकाच्या चटणीत वेगळं मीठ घालतात. मी थट्टा करत नाही हं, इंग्रजीतही त्याला 'सॉल्ट', म्हणजे मीठच म्हणतात! रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये ही पद्धत लिहून प्रसिद्ध केली. तेव्हा मिठाचे ४०९६ प्रकार होते.

याच थॉम्प्सन यांच्या एका जुन्या पासवर्डची चटणी एका जुन्या फाइलीत सापडली. तो पासवर्ड शोधून काढायला २०१९ साल उजाडलं आणि वेगवान संगणकालाही चार दिवसांहून जास्त वेळ लागला. काय होता तो? बुद्धिबळातली एक चाल! वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. थॉम्प्सन बुद्धिबळाचे शौकीन. त्यांनी आणि जो कॉन्डन यांनी बनवलेल्या 'बेल' या यंत्रानं १९८० मध्ये संगणकांची जागतिक बुद्धिबळ स्पर्धा जिंकली होती.

याच्या उलट सोपे पासवर्ड ठेवले की काय होतं? २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत एक 'किडा' सुटला. किडा म्हणजे आपणहून एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणारा प्रोग्रॅम. घुसण्याच्या त्याच्या अनेक वाटांपैकी एक वाट होती पासवर्ड ओळखण्याची. तो आधी वापरकर्त्याचंच नाव लावून पाही, मग तेच नाव उलटं करून, आणि मग बरोबर आणलेल्या ४३२ शब्दांच्या यादीतला एकेक शब्द. हजारो संगणक त्यानं ठप्प केले. आणि तो लिहिणारा तरुण कोण होता माहीत आहे? चटणीची पद्धत सांगणाऱ्या त्याच रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा!

पडणारा छोटा माणूस

आता मुख्य प्रश्न. नवं नाव रजिस्टरात लिहायचं कसं? सुरुवातीला कारभारी ती फाइल सरळ उघडून हातानं ओळ लिहीत. पण एक टिंब चुकून पुसलं तर रकाने सरकणार. क्रमांकाच्या जागी चुकून शून्य पडलं तर सई एकदम राजा! आणि रूटचीच ओळ बिघडली तर कारभाऱ्यालाच आत शिरण्याची पंचाईत. दोघांनी एकदम लिहिलं तर काय होतं, ते तर एमआयटीतल्या फजितीत पाहिलंच. म्हणून आधी आज्ञा आल्या. 'यूजरॲड' अशी आज्ञा टाइप केली की संगणक आधी रजिस्टराला कुलूप लावतो, मग स्वतःच बिनचूक ओळ लिहितो.

पण आज्ञा पाठ करायच्या म्हणजे पाढे पाठ करण्यासारखंच. १९८४ मध्ये एमआयटीतच 'एक्स विंडो' ही प्रणाली सुरू झाली आणि युनिक्सच्या पडद्यावर खिडक्या, बटणं, माउसचा बाण दिसू लागले. मग काय, प्रत्येक कंपनीनं कारभाऱ्यासाठी आपापली खिडकी बनवली. एचपीची 'सॅम', सनची 'ॲडमिनटूल', सुसे लिनक्सची 'यास्ट'. यास्ट या नावाचा अर्थच आहे 'आणखी एक सेटअप साधन'. किती साधनं झाली असतील पाहा! १९९७ मध्ये आलेल्या 'वेबमिन'नं तर हीच कामं इंटरनेटच्या ब्राउझरमधून करायची सोय केली.

सर्वांत मजेदार होती आयबीएमची 'स्मिट'. ती १९९० च्या सुमाराला आली. तिच्या चित्रांच्या खिडकीत एक छोटासा माणूस होता. तुम्ही काम सांगितलं की तो धावू लागे. काम फत्ते झालं की दोन्ही हात उंचावून उभा राही. आणि काम फसलं की धाडकन तोंडावर आपटे! कारभारी लोक डोक्याला हात लावत, पण हसतही असतील.

स्मिटमध्ये आणखी एक छान सोय होती. एफ-६ हे बटण दाबलं, की 'तुम्ही खिडकीत भरलेल्या माहितीवरून मी ही आज्ञा देणार आहे' असं ती दाखवी. गणिताच्या पुस्तकात मागे नुसतं उत्तर न देता रीतही द्यावी, तसं.

बटण दाबलं, पुढे काय?

आजच्या पुष्कळ लिनक्स संगणकांवर ग्नोम नावाचा पडदा असतो. १९९७ मध्ये त्याचं काम सुरू झालं. त्याच्या सेटिंगमध्ये वापरकर्त्यांची एक खिडकी आहे. तिथे सर्वांची नावं आणि चित्रं दिसतात. पण बदल करायचा तर आधी कुलूप काढावं लागतं, म्हणजे कारभाऱ्याचा पासवर्ड द्यावा लागतो. मग नवं खातं उघडताना खिडकी विचारते: साधं खातं की कारभाऱ्याचं? पूर्ण नाव काय? (हे देवनागरीतही लिहिता येतं!) वापरायचं छोटं नाव काय? पासवर्ड काय? पासवर्ड लिहिताना तो कितपत पक्का आहे ते दाखवणारी एक पट्टी भरत जाते.

बटण दाबलं की पडद्याआड काय चालतं? खिडकीला स्वतःला रजिस्टरात लिहायचा अधिकार नसतोच. ऑफिसच्या खिडकीत अर्ज दिला की तो आत जातो ना, तसा ती एक अर्ज आत पाठवते. आत एक पहारेकरी प्रोग्रॅम तपासतो, की अर्ज देणाऱ्याला परवानगी आहे का. असली की मागच्या मागे तीच जुनी आज्ञा चालते. रजिस्टराला कुलूप लागतं, सात रकान्यांची ओळ लिहिली जाते, सावलीच्या फाइलीत चटणी ठेवली जाते, आणि सईसाठी नवं कपाट तयार होतं. कपाटात ठेवायच्या सुरुवातीच्या वस्तू 'स्केल' नावाच्या फोल्डरातून येतात. 'स्केल' म्हणजे 'स्केलेटन'चं छोटं रूप, अर्थात सांगाडा!

म्हणजे खिडकी कितीही सुंदर असली तरी खरं काम त्या साध्या ओळीतच. मात्र खिडकीची एक अडचणही आहे. एक खातं उघडायला ती झकास, पण पाचशे मुलांची खाती उघडायची तर पाचशे वेळा तेच रकाने भरत बसावं लागेल. तिथे आज्ञाच बरी. सात रकान्यांच्या ओळींची अख्खी यादीच एकदम घेणारी आज्ञासुद्धा आहे. जाणता कारभारी दोन्ही वापरतो.

एकच नाव, अठ्ठावीस मुलं

'पण मॅडम, एवढा खटाटोप कशाला? सगळ्यांना मिळून एकच खातं चालणार नाही का?' असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारेलच. मीही उत्तरादाखल खरी गोष्टच सांगते.

आमच्या संगणक खोलीत पूर्वीपासून सर्वांसाठी 'विद्यार्थी' असं एकच खातं होतं. सहावीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत येऊन आजीच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करत असे. एक एक अक्षर शोधून. दीड महिना तिचं ते चाललं होतं. एका सोमवारी पाहते तर फोल्डरच नाही! वर्गातल्या अठ्ठावीसही मुलांची बोटं एका मुलाकडे वळली, कारण शनिवारी त्या संगणकावर शेवटी तो बसला होता. तो रडत सांगत होता, 'मी नाही पुसलं.' पण खरं-खोटं करणार कसं? संगणकाच्या नोंदीत पाहिलं तर सगळीकडे एकच नाव, 'विद्यार्थी'. पुसणाराही विद्यार्थी, लिहिणारीही विद्यार्थी. तो मुलगा आठवडाभर शाळेत एकटा डबा खात होता.

कोणी पुसलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आजीनं नातीला ओव्या पुन्हा सांगितल्या, पण साऱ्या काही तिला आठवल्या नाहीत. त्यानंतर मात्र प्रत्येकाचं वेगळं खातं झालं.

समजलं ना? खातं म्हणजे नुसतं कुलूप नाही. आपलं लिहिलेलं आपलं राहतं आणि दुसऱ्याला त्यात खाडाखोड करता येत नाही, हा एक फायदा. पण जे आपण केलंच नाही त्याचा आळ आपल्यावर येत नाही, हा त्याहून मोठा.

दाखला देताना

मूल शाळा सोडून गेलं की त्याला दाखला देतात. संगणकावरचं खातं काढताना ग्नोमची खिडकी एक प्रश्न विचारते: याच्या फाइली ठेवायच्या की पुसायच्या? घाईत भलतं बटण दाबू नये, कारण पुसलेलं परत मिळेलच असं नाही. आणि स्वतःचं खातं स्वतःच काढू म्हटलं तर खिडकी चक्क नकार देते. बसलेली फांदी तोडू देत नाही!

फाइली ठेवल्या तरी एक गोम आहे. आठवतं ना, फाइलीवर नाव नसतं, क्रमांक असतो. समजा १००४ क्रमांकाचा मुलगा गेला, फाइली तशाच राहिल्या. उद्या नवी मुलगी आली आणि संगणकानं रिकामा झालेला १००४ तिला दिला, तर जुन्या मुलाच्या फाइली आपोआप तिच्या मालकीच्या दिसू लागतील! शाळेचं जनरल रजिस्टर इथे संगणकाहून शहाणं. ते गेलेल्याचा क्रमांक कधीच दुसऱ्याला देत नाही. म्हणून हुशार कारभारी खातं लगेच पुसत नाहीत, आधी नुसतं बंद करून ठेवतात.

खिशातलं रजिस्टर

तुमच्या घरच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच आहे. तिथे तर आणखी गंमत! फोनमधलं प्रत्येक ॲप म्हणजे जणू वेगळा वापरकर्ता. प्रत्येकाला दहा हजारांच्या पुढचा एक क्रमांक आणि स्वतःचं कपाट मिळतं. म्हणून एखादा खेळ दुसऱ्या ॲपच्या कपाटात आपणहून हात घालू शकत नाही. तुमचे फोटो हवे असतील तर त्याला विचारावं लागतं. ती परवानगीची छोटी चौकट येते ना, तीच ही. तेव्हा वाचल्याशिवाय 'हो' म्हणू नका. कपाटाची किल्ली आपण कुणाच्या हातात देतोय, ते आधी पाहा.

करून पाहा

भारतात सी-डॅकनं बनवलेलं 'बॉस' हे लिनक्स २००७ मध्ये आलं. केरळातल्या सरकारी शाळांमध्येही लिनक्स शिकवलं जातं. तुमच्या शाळेत किंवा कुणाकडे लिनक्सचा संगणक असेल, तर मोठ्यांना विचारून टर्मिनल उघडा. इंग्रजीत 'आय' आणि 'डी' ही दोनच छोटी अक्षरं टाइप करून एंटर दाबा. तुमचं नाव आणि तुमचा क्रमांक लगेच समोर येईल. मित्राच्या खात्यातून त्यालाही तेच करायला सांगा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. तुम्हा दोघांचा एकच आकडा आला, तर तुमच्या शाळेत अजून 'एकच नाव, अठ्ठावीस मुलं' चाललंय असं समजा आणि सरांना हा लेख दाखवा.

आणि आकडा शून्य आला तर? मग कशालाही हात लावू नका. पहिल्यांदा सरांना हाक मारा. कारण मुलांनो, त्या क्षणी तुम्ही राजाच्या खुर्चीत बसलेले असाल!